झडतीची रांग आणि नागरिकाचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



अमेरिकेचे माजी उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टॅलबट यांचे भारत-अमेरिका वाटाघाटींवरील पुस्तक २००४ साली प्रसिद्ध झाले. अणुचाचण्यांनंतरच्या राजनैतिक चर्चांचा तपशील त्यात भरपूर आहे. पण भारतात पुस्तकाचा गाजावाजा झाला तो एका लहानशा उल्लेखामुळे. जॉर्ज फर्नांडिस भारताचे संरक्षणमंत्री असताना त्यांना वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर दोनदा, एकदा २००२ च्या आरंभी आणि एकदा २००३ च्या मध्यास, कपडे उतरवून झडती द्यावी लागली, असे टॅलबट यांनी फर्नांडिस यांच्याच हवाल्याने लिहिले होते. बेड्या घातलेला हात उंचावलेले ज्यांचे छायाचित्र आणीबाणीविरुद्धच्या लढ्याची खूण ठरले, त्या माणसाने हा प्रसंग बराच काळ जाहीरपणे उच्चारलाही नव्हता. पुस्तक आल्यावर अमेरिकी सरकारने दिलगिरी व्यक्त केली आणि प्रकरण मिटले.

पुढे असे प्रसंग आणखी घडले. एप्रिल २००९ मध्ये माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची झडती एका अमेरिकी विमान कंपनीने दिल्लीच्याच विमानतळावर घेतली. डिसेंबर २०१० मध्ये भारताच्या अमेरिकेतील राजदूत मीरा शंकर यांना मिसिसिपी राज्यातील जॅक्सन विमानतळावर रांगेतून बाजूला काढून हातांनी चाचपले गेले. त्यांनी साडी नेसली होती, हे त्याचे कारण असल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांत आले. सप्टेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कला कलामांचे जाकीट आणि बूट तपासणीसाठी काढून नेण्यात आले. दर वेळी भारतात संताप उसळला, निषेधखलिते गेले, क्षमायाचना आल्या.

हा संताप समजण्यासारखा असला तरी तो चुकीच्या जागी खर्च झाला. तक्रार होती ती शिष्टाचाराची. भारतात विमानतळावरील झडतीतून सूट मिळणाऱ्यांची एक अधिकृत यादी आहे. माजी राष्ट्रपती तीत आहेत, म्हणून कलामांची झडती नियमबाह्य होती, असा युक्तिवाद झाला. याच यादीत कोणतेही घटनात्मक पद नसलेल्या, केवळ नात्याने मोठ्या असलेल्या एका व्यक्तीचे नाव २०१५ पर्यंत होते, हे त्या संतापाच्या भरात कोणी फारसे आठवले नाही. राष्ट्रपतिपदावर बसलेल्या माणसाची झडती अपमानास्पद ठरते आणि सांगलीच्या शिक्षिकेची किंवा आखातात निघालेल्या रत्नागिरीच्या गवंड्याची झडती मात्र नेहमीची बाब ठरते, ही भूमिका समाजवादी विचाराला मान्य होणारी नाही. देहाची प्रतिष्ठा ही पदाबरोबर मिळणारी सवलत नाही. तेव्हा प्रश्न मंत्र्यांच्या मानापमानाचा न ठेवता सर्व प्रवाशांचा म्हणून मांडला पाहिजे.

त्यासाठी ही झडती आली कोठून, हे पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेत ५ जानेवारी १९७३ पूर्वी विमानात चढणाऱ्या प्रत्येक प्रवाशाची तपासणी होत नव्हती. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत तेथे विमान अपहरणाचे सव्वाशेहून अधिक प्रकार घडले, तरीही सरसकट झडतीला विमान कंपन्यांचाच विरोध होता. गिऱ्हाईक दुरावेल, ही त्यांची चिंता होती. नोव्हेंबर १९७२ मध्ये तिघा अपहरणकर्त्यांनी एक विमान ओक रिज येथील अणुकेंद्रावर पाडण्याची धमकी दिली, तेव्हा हा विरोध संपला. नागरिकाच्या हक्काची काळजी म्हणून नव्हे, तर धंद्याची काळजी म्हणून झडती लांबली होती, एवढे येथे नोंदवून पुढे जाऊ.

त्याच वर्षी, म्हणजे १९७३ साली, पश्चिम अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने ‘अमेरिका विरुद्ध डेव्हिस’ या खटल्यात या तपासणीला घटनात्मक मान्यता दिली. ती देताना न्यायालयाने घातलेल्या मर्यादा आज मुद्दाम आठवाव्यात अशा आहेत. शस्त्रे आणि स्फोटके शोधण्यासाठी जेवढी आवश्यक आहे त्याहून तपासणी व्यापक वा कठोर असता कामा नये. तिचा हेतू तेवढाच असावा. आणि जो प्रवासी ‘मला विमानाने जायचेच नाही’ असे म्हणेल त्याला झडती न देता परत जाता आले पाहिजे. नागरिक आणि राज्यसंस्था यांच्यातील तो एक करारच होता म्हणा ना. पुढल्या काळात या कराराचे एकेक कलम कसे गळाले, हा खरा इतिहास आहे. परत जाण्याचा हक्क २००७ साली त्याच न्यायालयाने काढून घेतला: एकदा तपासणी सुरू झाली की प्रवाशाला मध्येच माघार घेता येणार नाही, असा निर्णय झाला.

येथे एक गोष्ट स्वच्छपणे मान्य केली पाहिजे. विमानांना असलेला धोका काल्पनिक नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर स्फोटाने नष्ट झाले आणि ३२९ माणसे मरण पावली. त्यात भारतीय वंशाची कुटुंबेच्या कुटुंबे होती. नागरी स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्याने हा आकडा टाळून पुढे जाऊ नये. परंतु कनिष्क कसे पडले? व्हँकुव्हरहून एक बॅग चढवली गेली आणि त्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नाही. टोरांटोला बॅगांची क्ष-किरण तपासणी करणारे यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडले आणि हातात धरण्याच्या एका कमकुवत उपकरणावर काम भागवले गेले. मालकाशिवाय बॅग जाऊ न देणे एवढा एक नियम पाळला गेला असता तर ती माणसे वाचली असती. आणि त्या नियमासाठी एकाही प्रवाशाच्या अंगाला हात लावण्याची गरज नव्हती.

२५ डिसेंबर २००९ च्या घटनेची चिकित्साही अशीच करता येते. ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात उमर फारूक अब्दुलमुतल्लब या नायजेरियन तरुणाने अंतर्वस्त्रात दडवलेले स्फोटक पेटवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. या तरुणाच्या वडिलांनी महिनाभर आधी स्वतः अबुजा येथील अमेरिकी वकिलातीत जाऊन मुलाविषयी सावध केले होते. त्याचे नाव सरकारच्या एका मोठ्या यादीत पडूनही होते. त्याचा व्हिसा मात्र रद्द झाला नाही. म्हणजे चूक कागदपत्रे हाताळणाऱ्या नोकरशाहीची होती. तिचे प्रायश्चित्त कोणाला मिळाले? प्रत्येक प्रवाशाला. २०१० मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर शेकडो देहस्कॅनर बसवण्यात आले. या यंत्रापुढे हात वर करून उभे राहायचे आणि दुसऱ्या खोलीत बसलेल्या कर्मचाऱ्याला कपड्यांखालच्या शरीराची आकृती दिसायची. ज्याला हे नको त्याने हातांनी कसून चाचपून घ्यायचे. तो स्पर्श २०१० च्या अखेरीस इतका आक्रमक करण्यात आला की पुष्कळांना यंत्र परवडले.

घटना घडताच ही यंत्रे तातडीने घ्यावीत असे जाहीरपणे सांगणाऱ्यांत अंतर्गत सुरक्षा खात्याचे माजी मंत्री मायकेल चेर्टॉफ आघाडीवर होते. त्यांच्या सल्लागार संस्थेच्या ग्राहकांत अशी यंत्रे बनवणारी एक कंपनी होती, हे लगोलग उघड झाले. भीती आणि बाजार यांची ही भागीदारी श्रोत्यांना नवीन वाटू नये.

या आकृत्या साठवल्या जाणार नाहीत, असे प्रवाशांना सांगण्यात आले होते. वॉशिंग्टनमधील ‘इलेक्ट्रॉनिक प्रायव्हसी इन्फर्मेशन सेंटर’ या संस्थेने माहितीच्या हक्काचा वापर करून कागद मिळवले, तेव्हा निराळे चित्र दिसले. चाचणीच्या वेळी आकृती साठवण्याची आणि पाठवण्याची क्षमता यंत्रात असावी, अशी अट सुरक्षा प्रशासनाच्याच खरेदीपत्रकात होती. त्याच वर्षी हेही बाहेर आले की फ्लोरिडातील ऑरलँडो येथील न्यायालयाच्या दारावर लावलेल्या अशाच एका यंत्रात ३५ हजारांहून अधिक आकृत्या साठून राहिल्या होत्या. ते यंत्र विमानतळावरचे नव्हते हे खरे. पण ‘साठवता येत नाही’ हा दावा किती पोकळ होता, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

संस्था न्यायालयात गेली. १५ जुलै २०११ च्या निकालात न्यायालयाने यंत्रे घटनाबाह्य ठरवली नाहीत, मात्र एवढा मोठा बदल करताना लोकांची मते मागवण्याची कायदेशीर पायरी सरकारने गाळली, असे स्पष्ट म्हटले. ती पायरी पुरी होऊन अंतिम नियम निघायला २०१६ साल उजाडले. तोवर कोट्यवधी माणसे त्या यंत्रातून गेलेली होती. दरम्यान २०१२ च्या कायद्याने अमेरिकी संसदेने प्रत्यक्ष शरीराऐवजी सर्वांसाठी एकच ठोकळेबाज आकृती दाखवणारी यंत्रणा बंधनकारक केली. क्ष-किरणांवर चालणाऱ्या यंत्रांना ते जमेना, म्हणून मे २०१३ पर्यंत ती सारी काढून टाकावी लागली. युरोपने तर क्ष-किरणांची यंत्रे २०११ मध्येच नाकारली होती. लोकांनी आरडाओरडा केला, संस्था न्यायालयात गेली, संसदेने कायदा केला, तेव्हा नग्न आकृती गेली. विमाने त्यामुळे असुरक्षित झाली नाहीत. ‘दुसरा इलाज नाही’ हे वाक्य अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकताना कार्यकर्त्याने हा दाखला लक्षात ठेवावा.

एवढे सोसून सुरक्षितता तरी किती मिळाली? २०१५ मध्ये अंतर्गत सुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी वेष पालटलेले तपासनीस पाठवून चाचणी घेतली. ७० पैकी ६७ वेळा शस्त्रे वा नकली स्फोटके आत गेली. प्रवाशाच्या हावभावांवरून दहशतवादी ओळखण्याची एक योजना २००७ पासून चालू होती. तिच्यावर ९० कोटी डॉलर खर्च झाल्यावर अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने २०१३ मध्ये सांगितले की अशी ओळख नाणेफेकीच्या आसपासच बरोबर येते. २००६ पासून सर्वांना काढावे लागणारे बूट जुलै २०२५ मध्ये एका घोषणेसरशी पुन्हा पायांत आले. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी या साऱ्या प्रकाराला सुरक्षेचे नाटक म्हटले आहे. त्यांच्या मते २००१ नंतर प्रवास खरोखर सुरक्षित केला तो दोन गोष्टींनी: वैमानिकाच्या कक्षाचा भक्कम दरवाजा आणि प्रतिकार करायला शिकलेले प्रवासी.

देहाच्या झडतीहून अदृश्य अशी दुसरी झडती नावाची असते. विमानबंदीच्या यादीशी नाव जुळते म्हणून २००४ मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी यांनाच विमानतळांवर वारंवार अडवले गेले; ही हकिकत त्यांनी स्वतः सिनेटच्या समितीपुढे सांगितली. केनेडींनी मंत्र्याला दूरध्वनी केला. ज्याला करता येत नाही त्याचे काय होते, हे मलेशियाच्या एका संशोधक विद्यार्थिनीच्या प्रकरणात दिसले. जानेवारी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर, शस्त्रक्रियेनंतर चाकांच्या खुर्चीची गरज असलेल्या या स्त्रीला हातकड्या घालून दोन तास डांबले गेले. नंतर मायदेशी जाऊ दिले, पण परत येऊ दिले नाही. नऊ वर्षे ती आपला गुन्हा काय, एवढेच विचारत राहिली. सरकार राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली उत्तर नाकारत राहिले. डिसेंबर २०१३ मध्ये साक्षीसाठी निघालेल्या तिच्या मुलीला, ती अमेरिकी नागरिक असूनही, विमानात चढू दिले गेले नाही. अखेर न्यायालयात निष्पन्न झाले ते असे: तपास यंत्रणेच्या एका अधिकाऱ्याने २००४ साली अर्ज भरताना सूचना उलटी वाचली आणि चुकीच्या चौकटीत खुणा केल्या. यंत्रणेच्या लेखी ती कधीच धोकादायक नव्हती. कारकुनी चूक लपवण्यासाठी राष्ट्राची सुरक्षा नऊ वर्षे पणाला लावलेली होती!

या व्यवस्थेत वर्गभेद कसा शिरतो तेही पाहण्यासारखे आहे. २०१३ पासून अमेरिकेत ८५ डॉलर भरून, बोटांचे ठसे आणि पूर्वचरित्र सरकारला देऊन, पाच वर्षांसाठी सौम्य रांगेचा परवाना सर्वसामान्यांना मिळू लागला. बूट काढायचे नाहीत, पट्टा सोडायचा नाही. म्हणजे आधी प्रतिष्ठा सर्वांकडून काढून घ्यायची आणि मग तिचाच एक तुकडा दर लावून विकायचा. आणि झडती घेणारा हातही अखेर कामगाराचाच. २००१ च्या कायद्याने प्रशासनाला या कर्मचाऱ्यांना सामुदायिक वाटाघाटीचा हक्क नाकारण्याची मुभा दिली. २०११ मध्ये तो मर्यादित स्वरूपात मिळाला आणि मार्च २०२५ मध्ये सरकारने तो करारच रद्द केल्याचे जाहीर केले, तेव्हा संघटनांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. रांगेत संतापलेल्या प्रवाशाला हे दिसत नाही. तो समोरच्या कर्मचाऱ्यावर ओरडतो.

काही कार्यकर्ते म्हणतील, हे सारे अमेरिकेचे. आणि खासगीपणा ही सुखवस्तूंची चैन आहे. महाराष्ट्राचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला प्रवाशांची तपासणी करण्याचा अधिकार दिला आणि प्लेगच्या त्या दिवसांत रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची अंगे तपासली गेली, गाठी शोधण्यासाठी काखा आणि जांघा चाचपल्या गेल्या. पुण्यात रँडच्या सोजिरांनी घराघरांत शिरून जे केले ते येथे कोणाला सांगायला नको. साथ खरी होती, माणसे खरोखर मरत होती, तरीही लोकांना तो देहावरचा अत्याचार वाटला, आणि त्यात स्त्रियांच्या तपासणीचा संताप सर्वांत मोठा होता. लपवण्यासारखे काही नसलेल्याने भ्यायचे कशाला, हा प्रश्न त्या स्त्रियांना विचारून पाहावा. दुसरी साक्ष पारध्यांची आणि त्यांच्यासारख्या जमातींची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. पोलिसांकडे हजेरी द्यायची आणि गाव सोडायचे तर पास काढायचा. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, पण संशयाची नजर गेली नाही. ज्यांच्या झोपडीला दारही धड नाही त्यांनाच खासगीपणाची किंमत सर्वांत अधिक कळते.

स्वतंत्र भारताच्या न्यायालयाने हा हक्क लवकर ओळखला असे नाही. १९६२ च्या खरक सिंग खटल्यात पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी रद्द झाल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवले. प्रवासाचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि तो हिरावण्याची पद्धत न्याय्य व वाजवी हवी, हे तत्त्व १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने पक्के केले. ज्या सरकारने त्यांचे पारपत्र जप्त केले होते ते आणीबाणीचा पराभव करून आलेले जनता सरकार होते, हे समाजवाद्यांनी सोयीस्करपणे विसरू नये. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यात हस्तक्षेप करायचा तर कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा.

या कसोटीवर भारतीय विमानतळ पाहावा. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी प्रत्येक प्रवासात आपला कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, ही वेदना पंतप्रधानांना उद्देशून जाहीर केली. औद्योगिक सुरक्षा दलाने दुसऱ्याच दिवशी क्षमा मागितली. त्यांचे नाव मोठे होते म्हणून ती आली. कृत्रिम अवयवाच्या आधाराने प्रवास करणाऱ्या इतरांना कोणी पत्र लिहिल्याचे ऐकिवात नाही.

आणि आता चेहरा. १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसी येथे ‘डिजियात्रा’ सुरू झाली. पुढच्या वर्षी ती पुण्यात आणि मुंबईत आली. प्रवाशाने चेहरा दाखवायचा, दार उघडते. योजना ऐच्छिक आहे आणि माहिती प्रवाशाच्याच फोनमध्ये राहते, असे सरकार सांगते. पण ती चालवणाऱ्या प्रतिष्ठानात विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के आहे. उरलेले ७४ टक्के दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद आणि कोचीन येथील विमानतळ कंपन्यांचे. त्यामुळे हे प्रतिष्ठान माहितीच्या अधिकाराखाली येत नाही, अशी भूमिका घेतली गेली आहे. सुरक्षा यंत्रणांना माहिती देण्याची वाट मात्र योजनेच्या धोरणपत्रातच मोकळी ठेवलेली आहे. प्रवेशद्वारावर कर्मचाऱ्यांनी न विचारताच चेहरा टिपून नोंदणी केल्याच्या तक्रारी प्रवाशांनी जाहीरपणे केल्या आहेत. अमेरिकेतही हीच वाट चालू आहे. मे २०२४ मध्ये दोन्ही पक्षांच्या १४ सिनेटरांनी विमानतळांवरील चेहरा-ओळखीला आवर घालण्याची मागणी केली. तेथे निदान विचारणारी संसद आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये भारतात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या सतराव्या कलमाने सरकारला हव्या त्या सरकारी यंत्रणांना कायद्यातून सूट देता येते. आणि त्याच कायद्याने माहितीच्या अधिकारातील आठव्या कलमात बदल करून ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अधिकाऱ्यांविषयीची माहिती नाकारणे सोपे केले. पूर्वी त्या पोटकलमातच असलेला व्यापक सार्वजनिक हिताचा अपवाद तेथून गेला. नागरिकाचा चेहरा यंत्रणेला खुला, यंत्रणेचे कागद नागरिकाला बंद.

तेव्हा करण्यासारखी कामे साधी आहेत. झडतीतून सूट मिळणाऱ्यांची यादी आखडून ती केवळ सुरक्षेच्या निकषावर ठेवावी, ही मागणी खासदारांकरवी सभागृहात गेली पाहिजे. डिजियात्रेचे प्रतिष्ठान माहितीच्या अधिकाराखाली आणावे आणि चेहरा टिपण्याला संसदेच्या स्वतंत्र कायद्याचा आधार असावा. कृत्रिम अवयव वापरणाऱ्यांसाठी तो न काढता तपासणी करणारी साधने प्रत्येक विमानतळावर असावीत. आणि पुणे, मुंबई, नागपूरच्या प्रवेशद्वारांवर, चेहरा न देताही तिकीट व ओळखपत्र दाखवून आत जाता येते, हे मराठीत, दुरून वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. शहर शाखांनी जाऊन पाहावे. फलक नसेल तर विमानतळ संचालकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.